जोह्याच्या कारखान्यातल्या लढाया

टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून लढाई खेळणारी माणसं आपल्या पेण-रोह्याकडे आहेत असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे बुद्धिबळ?" बुद्धिबळ नव्हे. बुद्धिबळाला चौसष्ट घरं लागतात आणि दोन शहाणी माणसं लागतात. आमच्या खेळात घरं नाहीत, आणि शहाणी माणसं तर मुळीच नाहीत. डोंगर, नदी, भातखाचरं, एखादी वाडी असा सगळा मुलूख टेबलावर उभा करायचा, त्यात दोन सैन्यं मांडायची, मेजपट्टीनं मोजून ती पुढे सरकवायची आणि गाठ पडली की फासे टाकून कोण पडला ते ठरवायचं. दोघांनी जेवणाच्या टेबलावर तीस-चाळीस सैनिक घेऊन खेळावं, दुपारच्या चहापर्यंत संपवावं, इतका हा साधा खेळ आहे.

आमचं बिघडलं ते कारखान्यामुळे.

कारखाना म्हणजे गणपतीचा. मी रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करतो, पण तिला आमच्याकडे कुणी कारखाना म्हणत नाही. माझा शाळेपासूनचा मित्र पेणजवळच्या जोहे गावचा. वडिलांच्या मागे गणपतीचा कारखाना त्याच्याकडे आला. पत्र्याची लांबलचक शेड, मागे घर, पुढे भाताची शेतं. भाद्रपद संपला की वर्षभर जिथे पाऊल ठेवायला जागा नसते तिथे नुसत्या फळ्या उरतात, आणि जमिनीवर सांडलेला सोनेरी रंग. पुढच्या वर्षाचं काम दिवाळीनंतरच धरायचं ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. मधल्या आठवड्यांत आम्ही तिथे लढाई मांडायचो. जागा मोठी म्हणून लढाई मोठी. जागा नसती तर आम्ही सुखी माणसं झालो असतो.

सैनिक त्यानंच केले. उरल्यासुरल्या प्लॅस्टरचे आधी पन्नासेक, मग दोनशे, मग आम्ही मोजणं सोडलं. एका बाजूच्या डोक्याला तांबडा पटका, दुसऱ्या बाजूला पिवळा. पेणकडे मूर्तीचे डोळे काढण्याला आखणी म्हणतात, आणि आखणी करणारा हात अख्ख्या कारखान्यात एखाद-दुसराच असतो. त्याच्या कारखान्यात तो हात त्याचा. सैनिकांचीही आखणी तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. वाटाण्याएवढ्या तोंडाला डोळे कशाला काढतोस, म्हणून मी खेकसायचो. तो मान वर न करता म्हणायचा, "डोले नाय तर लढेल कसा तो?"

इतिहासातली लढाई घ्यायची नाही, हा आमचा दंडक होता. घेतली की हरणाऱ्या बाजूला उभं राहायला कुणी तयार होत नाही. म्हणून मुलूख आमचा, नदी आमची, भांडणही आमचंच.

आणि भांडायला माणसं भरपूर. रोह्याची कंपनीतली चार-पाच, एक नागोठण्याचा दुकानदार, एक निडीचे निवृत्त गुरुजी, पेणची दोघं-तिघं. प्रत्येकाला सेनापती व्हायचं. अगदी बारभाईंचा कारभार. मी पंच. पंच म्हणजे ज्याला खेळायला मिळत नाही, शिव्या मात्र सगळ्यांच्या आधी मिळतात. एकेका बाजूची पाळी व्हायला तासाच्या वर लागायचा. तोवर टोकाला उभ्या असलेल्याला काही काम नसायचं, तो हमरापूरच्या नाक्यावर भजी खायला जायचा, आणि परत येऊन बघतो तो त्याची अर्धी फौज गारद. मग तो ते मानायचा नाही. मग सगळं पहिल्यापासून.

टेबल रुंद केलं की नजरेला बरं वाटतं, पण माणसाचा हात तो केवढा? मधली फौज कुणाच्याच हाताला लागत नसे. एकदा नागोठण्याच्या दुकानदारानं टेबलावर आडवी फळी टाकली आणि तिच्यावर पोटावर झोपून घोडदळ हलवायला निघाला. गृहस्थ अंगानं भरलेला. फळी वाकली, आणि डोंगर, डोंगराखालची वाडी आणि दोन्हीकडची शंभरेक माणसं त्याच्या पोटाखाली सपाट झाली. त्या दिवशी हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण लढाई तिथेच थांबली ना.

ती नेहमीच कुठेतरी थांबायची. कधी कंपनीतून फोन यायचा, रिलिव्हर आला नाही, डबल शिफ्ट मारायला ये. कधी कुमक घेऊन येणारा सेनापतीच दुपारी उगवायचा, वरातीमागून घोडं. रंग भरायला लागला की रोह्याची माणसं घड्याळ बघायला लागायची, कारण संध्याकाळची गाडी चुकली की मग हायवेला एसटीची वाट बघत उभं राहायचं. "तसंच ठेवा, पुढच्या रविवारी पुरं करू," असं म्हणून सगळे उठायचे. पुढच्या रविवारी निम्मेच यायचे. दिवाळी तोंडावर आली की सैनिक पेंढ्यात गुंडाळून पेट्यांत जायचे, आणि कोण जिंकलं हे कुणालाच ठाऊक नसायचं. इतक्या वर्षांत आमची एकही मोठी लढाई शेवटाला गेली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, पण अंगवळणी पडलं होतं.

मग एका साली श्रावणात वहिनी, म्हणजे मित्राची बायको, त्याला म्हणाली की या मूर्तीचा एक डोळा वर चढलाय. मूर्तींचे दागिने ती रंगवते, तिची नजर बारीक. तो मानेना. दुसऱ्या मूर्तीलाही तसंच झालं तेव्हा त्यानं ब्रश धुऊन ठेवला आणि आखणीला हमरापूरचा एक माणूस बोलावला. गणपती गेल्यावर मी त्याला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. बरीच वर्षं साखर होती, तिनं डोळ्यांचा मागचा पडदा खाल्ला होता. इंजेक्शनं देऊ, लेझर करू, पण गेलेलं परत येणार नाही आणि आहे ते किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. समोरच्या वस्तूच्या बरोबर मधोमध त्याला डाग दिसायचा, कडेकडेचं दिसायचं.

परत येताना पेणच्या स्टँडवर चहा घेतला. तो म्हणाला, "येक लढाई पुरी झालेली बघायची हाय मना. पयल्यापास्नं शेवटापरयंत. पुढल्या साली काय दिसेल, काय नाय."

माझा स्वभाव विचित्र आहे. रडू यायच्या ठिकाणी मला राग येतो. मी चहावाल्यावर खेकसलो, चहात साखर कशाला घातलीस म्हणून, आणि चहावाला म्हणाला की तुम्ही बिनसाखरेचा एकच सांगितला होता. त्याचं खरं होतं.

त्या साली मी चंग बांधला. रुंद टेबल मोडून दोन अरुंद टेबलं केली, मधे माणूस जाईल एवढी वाट ठेवली. कंपनीतल्यांच्या सुट्ट्या महिनाभर आधी लावून घेतल्या. निडीच्या गुरुजींना दुसऱ्या टेबलाचा पंच केलं आणि दोघांनी शिट्ट्या आणल्या. शिट्टी वाजेपर्यंत ज्यानं हुकूम दिला नाही त्याची फौज जागच्या जागी उभी राहणार, मग तो कितीही मोठा सेनापती असो. सगळ्यांनी कुरकुर केली, पण कशासाठी चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मित्रानं एकच गोष्ट मागितली. आधी आम्ही पडलेला सैनिक उचलून पेटीत टाकायचो. तो म्हणाला, "पेटीत नको टाकू. पडला तिथंच आडवा र्‍हाऊ दे. शेवटाला मना सगला मैदान बघायचा हाय." मलाही ते बरं वाटलं. उचलाउचलीचा वेळ वाचणार होता. पेटीकडे जायची येरझार नाही, मोजदाद नाही, कोण मेलं आणि कोण जिवंत ते टेबलच सांगेल. हा नवा नियम मी सगळ्या खेळणाऱ्यांना समजावून सांगितला. मागच्या घरात सांगावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आश्विनातला रविवार होता. पत्रा तापायच्या आत सुरुवात झाली. रोह्याची मंडळी सकाळच्या गाडीनं पेणला उतरली, तिथून एका मिनीडोअर रिक्षात कोंबून जोह्याला आली, आणि त्या दिवशी सगळं कसं मनासारखं होत गेलं. कुणी भज्यांना गेलं नाही. कुणाचा फोन आला नाही. मित्र पिवळ्यांचा सेनापती. तो मान जरा वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं टेबल बघायचा, एकेक फौज कुठे आहे ते आम्हाला विचारून पक्कं करायचा आणि मग हुकूम द्यायचा. नदीवरचा पूल त्यानं अशा काही जिद्दीनं धरला की तांबड्यांनी दोनदा हल्ला केला आणि दोन्हीदा मागे आले. पुलाच्या दोन्ही तोंडांना आडव्या माणसांचा खच पडला होता. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही जिथे पोचलो होतो तिथे आधी कधीच पोचलो नव्हतो. आणखी दोन-तीन पाळ्या, की निकाल. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना जेवायला पिटाळलं.

घराच्या ओटीवर पंगत बसली. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. वहिनीनं पहिलं वाढून झाल्यावर पुढचं जावेवर सोपवलं आणि ती शेडमधले पंखे बंद करायला गेली. पंखे उगाच चालू राहिलेले तिला खपत नाहीत. आम्ही सावकाश जेवलो. मित्र खुशीत होता. कितीतरी दिवसांनी तो स्वतःहून बोलत होता, पुलावरचे किती उरले असतील याचा हिशोब मला तोंडी सांगत होता.

शेडमधे परत आलो तर वहिनी दुसऱ्या टेबलाच्या टोकाला उभी होती आणि पदरानं एका सैनिकाचं तोंड पुसत होती. तो तिनं जागेवर ठेवला, नीट सरळ केला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "झाले बाय गो, सगले उभे केले. निम्मे तं आडवेच. येवढे मोठे बाप्ये, पन कोपराचा भान नाय तुमाला."

दोन्ही टेबलांवर एकही माणूस पडलेला नव्हता. सगळे उभे होते, रांगेत, पुढे तोंड करून.

नागोठण्याचा दुकानदार तिथेच जमिनीवर बसला. मित्राला कळायला सगळ्यात उशीर लागला. तो टेबलाशी वाकला, मान वाकडी करून कडेनं बघत पुलापर्यंत गेला, परत आला.

"तुला कोनी सांगितला व्हता गो?" तो ओरडला. मी त्याला तिच्यावर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"सांगाया कशाला पायजे?" ती म्हणाली. तिला अजून काही उमगलं नव्हतं. "कारखान्यात मूर्ती आडवी ठेवत्यात का? लगीन होऊन आले त्या दिसापास्नं तुमची आयस मना हेच सांगत आली."

तिचं काय चुकलं? गणपतीच्या कारखान्यात आडवी मूर्ती म्हणजे कुणाच्यातरी धक्क्यानं पडलेली मूर्ती. जो आधी बघेल त्यानं हातातलं काम टाकून ती उभी करायची. तिथे आडवं काही ठेवतच नाहीत. आणि आमची आधीची एकही लढाई तिनं अशी बघितली नव्हती, कारण आधी पडलेले पेटीत जायचे.

मी सगळं पूर्ववत करायचा प्रयत्न केला. प्रत्येक सेनापतीला विचारलं, तुझे किती पडले होते? जिवंत किती होते ते सगळ्यांना तोंडपाठ. मेलेले कुणालाच आठवेनात. दोन्ही बाजूंचं म्हणणं धरलं तर सकाळपासून तिथे जेमतेम पाच-सहा माणसं मेली असतील. मग फोनमधले फोटो उघडून बघितले. एकानं सकाळभर फोटो काढले होते, पण प्रत्येकात त्याचं स्वतःचं तोंड, आणि मागे धुरकट काहीतरी. गुरुजी म्हणाले, अंदाजानं निम्मे आडवे करू. त्यावर मित्रच म्हणाला, "नको. अंदाजाची लढाई नको." मग भांडण सुरू झालं, भांडणाचा चहा झाला आणि रोह्याची माणसं घड्याळ बघायला लागली.

सगळे गेल्यावर मी आणि तो राहिलो. घरातून भांड्यांचाही आवाज येत नव्हता. मला भयंकर राग आला होता, आणि तो राग काढायला एकही माणूस सापडत नव्हता. तो म्हणाला, "परत लावू." मी म्हटलं, "लावू की." त्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता आणि माझाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीत वहिनीचा फोन आला. "भावजी, परत लावा ना. मी लांब र्‍हाते, कारखान्यात पाव ठेवीत नाय." मी होय होय म्हणून फोन ठेवला आणि पंपाच्या आवाजात जाऊन उभा राहिलो, कुणाला काही ऐकू येऊ नये म्हणून. त्या महिन्यात आम्ही दोन रविवार ठरवले. एका रविवारी कंपनीत शटडाऊनचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी निम्म्यांची भातकापणी. दिवाळी झाली, कारखान्यात पुढच्या सालच्या मूर्ती उभ्या राहायला लागल्या. थंडीत त्याच्या त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्यात रक्त उतरलं. पनवेलला आमच्या खूप खेपा झाल्या. पावसाळा लागेपर्यंत त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं होतं.

यंदाच्या आश्विनात आम्ही पुन्हा मांडली. मांडू नये असं मला वाटत होतं, त्यालाच हवी होती. माणसं आता सहाच. एकाची बदली झाली, एक नातवंडांत अडकला, बाकीच्यांनी काही कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी सैन्यं निम्म्यावर आणली, एकच अरुंद टेबल मांडलं. त्याला टेबलाच्या टोकाला खुर्ची दिली. वहिनी शेडच्या दाराशी स्टुलावर बसली होती. कितीही म्हटलं तरी ती आत येईना. काय चाललंय ते मी त्याला सांगायचो, तो हुकूम द्यायचा. "पिवले घोडेवाले कुठं हायेत? ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं?" मी सांगायचो, तो मान हलवायचा, आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच विचारायचा.

आणि ती लढाई संपली. इतक्या वर्षांचं आमचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं, तेही उन्हं कलायच्या आत. कुणी भांडलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. तांबडे जिंकले. मी म्हटलं, "संपली." तांबड्यांच्या सेनापतीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"मना टेबलापाशी ने," मित्र म्हणाला.

मी त्याला दंडाला धरून उभं केलं. त्यानं हात पुढे केला, चाचपडत एक सैनिक उचलला आणि बोटांत फिरवला.

"ह्यो आपला का त्यांचा?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. साचे दोन्ही सैन्यांना तेच होते. ढाल तीच, तलवार तीच, उभं राहायची तऱ्हा तीच. फरक फक्त पटक्याच्या रंगाचा, आणि तो रंग एकेकाला त्यानंच लावला होता.

"त्यांचा," मी म्हटलं.

तो त्यानं जपून खाली ठेवला आणि शेजारचा उचलला. "ह्यो?"

"त्यांचाच."

"आनि ह्यो?"

तिथे सगळे तांबडेच होते. खोटं बोलायला मला काहीच लागलं नसतं, त्याला कळलंही नसतं. नेमकं म्हणूनच मला खोटं बोलवेना. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला आणि टेबलाच्या कडेकडेनं त्याला पार दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे वाडीच्या मागे पिवळ्यांची पळून आलेली तीन-चार माणसं उभी होती. त्याचं बोट त्यातल्या एकाच्या डोक्यावर टेकवलं.

"ह्यो?" त्यानं विचारलं.

"आपला," मी म्हटलं.

त्यानं तो उचलला. दोन्ही हातांनी तो सगळा चाचपून बघितला, पायापासून पटक्यापर्यंत. मग मला म्हणाला, "रंग नीट बसलाय ना रे?"